आधी मासा

अगं बसा, बसा, पण हात चालू ठेवा. जुड्या बांधता बांधता ऐका, नाहीतर आत्या वरून ओरडेल. तुम्ही लग्नं करून तळ्याच्या पलीकडच्या काठाला गेलात, तुमच्यापर्यंत काय काय पोचलं असेल कुणास ठाऊक. आत्यानं भरवणीच्या दिवशी परात पार्लिन भाऊजींच्या डोक्यात घातली म्हणे. पाळकसाहेबांना घराबाहेर काढलं म्हणे. काहीच्या काही! परात माझ्या हातात होती, शेवटपर्यंत माझ्याच हातात होती. शिव्या पडल्या हे खरं, पण त्या दिवशी नाही, आणि पाळकसाहेबांना तर नाहीच. मी पहिल्यापासून सांगते, मध्ये बोलू नका.

आम्ही खालच्या वाफ्यातले कांदे काढत होतो. तळ्यावरून वारं असं सुटलेलं की उपटलेल्या कांद्याची माती सरळ डोळ्यांत. आत्याचा डावा हात तुम्ही बघितलाय ना? छाती काढली तेव्हापासून सुजलेला आहे, कोपराखाली कातडी ताणून चकचकते, बोट दाबलं तर खड्डा पडतो आणि भरून यायचं नावच घेत नाही. त्या हाताला ती पाहुणा म्हणते. काम करत नाही, नुसता बसून खातो म्हणून. उजव्या हातानं उपटायचं आणि पाहुण्यानं टोपलं पुढे ढकलायचं, असं तिचं चाललेलं. आपण मदतीला गेलो की, "तुझ्या बापानं तुला कांदे काढायला दिलंय का माझे हात बघायला?"

माझा बाप म्हणजे तिचाच सख्खा धाकटा भाऊ बरं का. पण सून झालं की भाचीबिची काही राहत नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.

तर टोपलं भरलं, मी ते तिच्या डोक्यावर चढवलं, आणि तिच्या गळ्याभोवतीचं फडकं सरकलं. मानेच्या खाली, हाडाच्या वरच्या खळग्यात, गाठ. आपला हा छोटा लाल कांदा असतो ना, तेवढी. कातडीखाली कुणी लावून ठेवल्यासारखी.

"आत्या, हे काय?"

"घाम."

"घामाची गाठ होते?"

तिनं माझा हात असा झटकला की टोपलं खाली, कांदे उतारावरून घरंगळत तळ्यात. मग आम्ही दोघी गुडघाभर पाण्यात कांदे गोळा करतोय, ती पुढे, मी मागे, आणि मला एकदम सुचलं की हे फडकं ती पेरणीपासून गळ्याला बांधतेय. उकाड्यातसुद्धा.

"तुला माहीत होतं."

"तो तिकडचा कांदा राहिला बघ," ती म्हणाली.

जोंग्गीनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिला मोटरसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं, मागे मी. सुई घातली, काय ते तपासायला पाठवलं, परत बोलावलं. डॉक्टरीण तरुण होती, भली होती, पण तिनं जोंग्गीला बाजूला नेऊन हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. आत्या बाकावरून ओरडली, "गाठ माझी आहे! त्याला काय सांगतेस? तो स्वतःच्या लग्नात हो म्हणायलासुद्धा घाबरत होता!"

सगळी रांग हसली. जोंग्गीचे कान लाल. डॉक्टरीण येऊन आत्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "परत आलाय, मावशी."

"बोलावलं कुणी त्याला?"

"मेदान शहरात, मोठ्या दवाखान्यात जावं लागेल. दर काही दिवसांनी सलाईनमधून औषध. मागच्यासारखंच."

"जाईल का?"

डॉक्टरीण खोटं बोलली नाही. "मुळापासून जाईल असं नाही वाटत. पण थोपवून धरता येईल. किती दिवस, ते मला सांगता येणार नाही."

आत्यानं गळ्याचं फडकं परत घट्ट बांधलं. घरी आली, कपडेसुद्धा न बदलता वाफ्यात उतरली. जोंग्गीनं विचारलं, "आई, मेदानला कधी जायचं?" तर म्हणाली, "कांदे निघू देत." कांदे निघाले. परत विचारलं, तर म्हणाली, "वाळू देत." हो नाही, नाही नाही. आणि गाठ तिथंच बसलेली, तिच्या मानेशी, आमच्यासोबत जेवतेय.

आता तुम्हाला ती साक्ष आठवते ना? पहिल्या वेळी बरी झाली तेव्हाची? ठेवणीतला झगा, खांद्यावर उलोस, आपली मानाची विणलेली शाल, डोक्यावर नुकते कुठे केस उगवलेले. चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली होती, "प्रभूनं माझा आजार कांद्यासारखा मुळासकट उपटून फेकला." डुक्कर कापलं, अख्खं गाव जेवलं. आणि आता हे. गावात बाहेर पडली की बायका मानेकडे बघायच्या, आणि मग पटकन तळ्याकडे बघायच्या.

गुरुवारच्या बायका प्रार्थनेला आल्या. सगळ्यांच्या पुढे होतमाइदा काकू, आपली शेजारीण, जिचा आणि आत्याचा बांधावरून दावा आहे. चटयांवर गोल करून बसल्या, हातात हात घेतले. एकीनं आत्याचा पाहुणाच घट्ट धरला, आत्याच्या डोळ्यांत कळ आलेली मला दिसली. होतमाइदा काकूंनी डोळे मिटले आणि सुरू केलं, "हे प्रभू, आमच्या या बहिणीनं साक्ष दिली होती. तिच्या मनात कुठं काही लपलेलं असेल, अविश्वास असेल, कुणाबद्दल द्वेष असेल, तर..."

आत्यानं एक डोळा उघडला. "माझ्या मनातलं राहू दे. तू कुंपण माझ्या वाफ्यात सरकवलंस ते सांग आधी त्याला."

"आमेन," कुणीतरी घाईनं म्हणालं.

मग वातावरण सावरायला काकूंनी गाणं उचललं. उचललं ते उचललं, सगळ्यांनी आपापले सूर धरले, आणि दुसऱ्या ओळीला सगळ्यांच्या लक्षात आलं की हे कुठलं गाणं. मयताच्या पेटीचं झाकण लावताना म्हणतात ते! अगं मी चुलीपाशी कॉफीचं पाणी ठेवून उभी. पण आपल्यात सुरू झालेलं गाणं मध्ये कोण थांबवतं? एकमेकींकडे बघतायत, घाम फुटलाय, आणि गातायत. चारही सुरांत.

आत्यानं काय करावं? उठली, चटईच्या मधोमध उताणी झोपली, दोन्ही हात छातीवर आडवे ठेवले, पाहुणा वर. डोळे मिटले. "म्हणा, म्हणा," ती झोपल्या झोपल्या म्हणाली, "सगळी कडवी म्हणा. फुकट जायला नको."

सगळी कडवी झाली. मग ती उठून बसली. "लास्मा, पाणी उतरव. मेलेली बाई कॉफी देत नाही. आपापल्या घरी जाऊन प्या."

होतमाइदा काकू दारात चपला शोधत रडत होत्या. आत्यानं त्यांच्याकडे पाठ केली आणि कांदे निवडायला बसली. तिचे खांदे हलत होते. मी जवळ गेले, तर ती हसत होती. मग थोड्या वेळानं परत बघितलं, तर हसत नव्हती.

त्यानंतर पार्लिन भाऊजी आले, नोकरीच्या गावाहून, बातामहून. जोंग्गीचे थोरले भाऊ. आता मी त्यांना वाईट म्हणणार नाही, त्यांनी बोटीतून उतरताच आईला मिठी मारली, रडले, पाहुण्याला तेल लावून दिलं. फळं आणली, ऊबदार चादर आणली. आणि जेवण झाल्यावर तोंड पुसून म्हणाले, "आई, आम्ही तुला भरवतो."

मी ताटं उचलत होते, ती तशीच हातात राहिली.

तुम्ही म्हणाल, भरवणी तर मानाची. आहेच मानाची, म्हाताऱ्या आईबापाला जिवंतपणीच दिलेला निरोप. मुलांनी डुक्कर शिजवायचं, एकेकानं आईच्या तोंडात घास द्यायचा, रडायचं, तिनं आशीर्वाद द्यायचे, कुणाला कुठलं शेत ते तोंडानं सांगायचं. आमच्या आजोबांची केली होती, नंतर कितीतरी वर्षं ते ओसरीवर बसून होते. पण बसूनच होते ना! भरवून झालं की माणूस देण्याघेण्यातून उठतं. लग्नात त्याला कुणी काम सांगत नाही, बियाणं मागायला कुणी दारात येत नाही, त्याचं काही मागायचं राहिलेलं नसतं. आजोबांना चालत होतं, त्यांचे गुडघे गेले होते, दात गेले होते. आत्याचे सगळे दात आहेत! त्यांनी ती मला रोज खाते!

"मेदान, सुया, उलट्या, कशासाठी, आई?" भाऊजी म्हणत होते. "डॉक्टरच म्हणते ना, जात नाही. तू खूप केलंस आमच्यासाठी. आता निवांत राहा. घरी राहा. प्रभूच्या हातात."

जोंग्गी भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते, बोल, बोल, बोल. नाही बोलला.

आत्यानं दातातली काडी काढली. "डुक्कर कुठलं आणणार?"

एवढंच विचारलं. आणि भाऊजींनी तिचे हात धरले, डोळे भरून आले त्यांचे, त्यांना वाटलं झालं, आई तयार आहे.

दुसऱ्या दिवशी माझे बाबा आले. त्यांना तर आनंदच. पोरांचे मामा ना ते, भरवणीत पोरांच्या घासानंतर मामाचा मासा लागतो, मामाचा उलोस लागतो, त्याशिवाय पान हलत नाही. आणि बाबांचं तुम्हाला माहीतच आहे, एका लग्नात त्यांना डुकराचा जबडा द्यायचा तर फासळ्या दिल्या, म्हणून भात न खाता उठून आले होते, आणि त्या घरचा कुणी मेला तरी अजून जात नाहीत.

"मान आहे ताई," ते म्हणाले. "सगळ्यांना मिळत नाही."

"हो ना," आत्या म्हणाली. "तू मोठा मासा आण."

मला राहवेना. दुपारी आम्ही दोघी काठावर पोती धूत होतो. ऊन डोक्यावर, दगड तापलेले. मी पोतं दगडावर आपटलं आणि विचारलं, "तुला जायचंय का नाही मेदानला?"

"पोतं फाडशील."

"आत्या, मी विचारतेय!"

"तू कोण विचारणारी?"

"मी कोण? तुझा पाहुणा रात्री दुखतो तेव्हा चोळतं कोण? जोंग्गी? तुझा तो चादरवाला?"

मला वाटलं आता ती मला पाण्यात ढकलणार. तिनं हातातलं पोतं पाण्यात बुडवलं. मग म्हणाली, "मागच्या वेळी मी मागितलं. अंधारात गुडघ्यावर बसून मागितलं, लहान पोरीसारखं. त्यानं दिलं. मी सगळ्या गावासमोर आभार मानले. आता परत जाऊन मागू? तो काय म्हणेल, ही बाई भिकारीच आहे."

"देवाला नको मागू. आम्हाला माग."

"पोटच्या पोरांना? की मला जगायचंय, मला घेऊन चला?" तिनं पोतं पिळलं, एकाच हातानं, दुसरं टोक पायाखाली धरून. "त्यांना दिसत नाही का? मी रोज वाफ्यात उतरते ते कशाला उतरते? मरायच्या तयारीला?"

"मग नको म्हण ना भरवणीला!"

"नको म्हणू? थोरला पोरगा मान द्यायला आला आणि आईनं लाथाडलं? त्याला गावात तोंड दाखवता येईल का?" मग ती एकदम माझ्याकडे वळली, डोळे असे बारीक केले. "भरवून घेतलं की मागायची सोयच संपली. ते काही मी होऊ देणार नाही. आणि तू तोंड बंद ठेव. तुझ्या बापासमोर तर दुप्पट बंद ठेव."

तोंड बंद ठेवायला मला सांगते! पण ठेवलं.

भरवणीचा दिवस. सकाळपासून धूर, डुकराचं रक्त कढईत, बायका मसाला वाटतायत. भाऊजींनी भाड्यानं खुर्च्या आणलेल्या, मोठे कर्णे आणलेले. आणि बातामहून त्यांच्याबरोबर काम करणारे चार लोक आले होते, बूटवाले. आता काय झालं बघा. भाऊजी इतकी वर्षं बाहेर, त्यांना वाटलं पाहुणे म्हणजे पाहुणे. त्यांनी त्या बूटवाल्यांना आतल्या भिंतीशी, आत्याच्या समोर, चांगल्या चटईवर बसवलं. आणि माझे बाबा आले, पांढरा सदरा, खांद्यावर उलोस, मागे माझी आई झाकलेलं ताट घेऊन, मागे काका, काकू, सगळं माहेर. तर भाऊजी हसत म्हणाले, "या मामा, या, इथं बसा, इथं वारा येतो." आणि त्यांना दाराजवळ बसवलं.

मामाला! दाराजवळ! चपलांच्या शेजारी!

 एक म्हातारा खोकला. बाबा बसले, पण मांडी न घालता, उठायच्या तयारीत, हे मला चुलीपासून दिसत होतं. मी मांसाची परात घेऊन उभी होते, वाट बघत, कधी सांगतायत आणि कधी मी आत नेतेय.

आत्या मधोमध बसलेली. अंगानं अर्धी झालेली, मान मात्र ताठ, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं गळ्याचं फडकं काढून ठेवलं होतं. गाठ सगळ्यांना दिसत होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, छोटीशी. भाऊजी मला खूण करणार, तेवढ्यात आत्या गोड आवाजात म्हणाली, आणि तिचा गोड आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला, "मोनांग, बरा बसलास ना रे?"

"बसलोय," बाबा म्हणाले.

"वारा येतो ना तिथं? आमच्या कोंबड्यापण तिथंच बसतात."

कुणीतरी नाकातून हसलं.

"रागावू नको हं. पार्लिनला वाटलं, मामाचं काय, त्याला काय घाई? पोरांचं होऊ दे, साहेब लोक जेवू देत, मग मामा मासा टेकवेल कुठंतरी."

"आई, असं नाही..." भाऊजी म्हणाले.

पण बाबा उठले होते.  "माझा मासा आधी," ते म्हणाले.

"मामा, आधी मुलं भरवतात, मग मामा..."

"तू मला शिकवणार? तू? ज्याला मामा कुठं बसतो हे माहीत नाही, तो मला सांगणार आधी काय आणि मग काय?" बाबांचा आवाज कर्ण्याशिवाय तळ्यापर्यंत गेला असेल. "ह्या बाईला ह्या घरात कुणी दिली? आम्ही दिली! आम्ही आहोत म्हणून तू आहेस! माझा मासा आधी, नाहीतर हा मासा परत जाईल, आणि मग मामाशिवाय काय भरवायचं ते भरव तुझ्या आईला!"

भाऊजींनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेबांनी छताकडे बघितलं. मागे एक म्हातारी म्हणाली, "अरे पण मासा आधी दिला तर..." आणि तिच्या सुनेनं तिच्या मांडीला चिमटा काढला, की त्यांचं ते बघून घेतील.

बाबा तरातरा मधे आले. आईनं झाकण काढलं. हळदीत शिजवलेला लाल मासा, खवल्यांसकट, अख्खा, डोकं आत्याकडे, तिरफळाचा वास घरभर. इतका मोठा की शेपूट ताटाबाहेर. बाबांनी रागारागातच उलोस तिच्या खांद्यांवर टाकला, पाहुण्यावरून नीट गुंडाळला, आणि घास करून तिच्या तोंडाशी नेला. आणि हात तोंडाशी गेला की शब्द आपोआप येतात ना, आपल्या आज्यापणज्यांपासून जिभेवर बसलेले, ते आलेच. "जीव घट्ट राहो, ताई. अंग घट्ट राहो. ऊठ, चाल, काम कर. म्हातारी हो, पांढरी हो, वाकडी हो."

आत्यानं तोंड उघडलं. भरवणी ठरल्यापासून माझ्या हातातून पेजेचा एक घोट न घेतलेली बाई, तिनं तो घास चावला, गिळला, दुसरा घेतला. मग स्वतःच ताट पुढे ओढलं. डोकं फोडलं, चोखलं, कल्ले खाल्ले. काटे एका बाजूला नीट लावले. तिरफळानं ओठ बधिर होतात, ती मध्ये मध्ये ओठ चाटत होती.  फक्त काट्यांचा आवाज. मी परात धरून उभी, हात भरून आले, पण ठेवायची कुठं?

मागची म्हातारी म्हणाली, "झालं."

भाऊजींना कळलं नव्हतं. त्यांनी माझ्या परातीतून मांस उचललं, गुडघ्यावर बसले, डोळ्यांतून पाणी, खरंखुरं, "आई, तोंड उघड."

आत्याचं तोंड बंद.

"आई."

"मामानं म्हातारी हो म्हटलंय," ती म्हणाली. "अजून झाले नाही."

आता कुजबूज सुरू झाली, मग मोठ्यानं बोलणं. कारण तुम्हीच सांगा, मांसाच्या आधी दिला तो जगवायचा मासा, तो खाऊन झाला, जगायचे शब्द पडले, उलोस अंगावर. त्याच्यावर निरोपाचं मांस कोण देणार? मामाचा शब्द कोण पुसणार? बाबा तसेच उभे, बोटांना हळद. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत होतं.

"मोनांग," आत्या म्हणाली, "आता कशी होऊ सांग. इथं बसून होऊ म्हातारी? तू बोललास सगळ्यांदेखत. मला मेदानला कोण नेणार? मी काही मागत नाही हं. तूच म्हणालास."

"तू मला फसवलंस, ताई."

"मी? मी तर जेवले."

"हा काय खेळ आहे?" पार्लिन भाऊजी उठले. हातात तो मांसाचा तुकडा, रस कोपरापर्यंत ओघळलेला. "माझे लोक आलेत! मी रजा काढून आलो! डुक्कर कापलं!"

"मग खा ना. चांगलं शिजलंय."

आणि भाऊजी बोलले. बोलून गेले. "सुया टोचून घेत मेदानला मरायचंय ना तुला? जा! जाऊन मर तिकडे!"

कर्णा चालू राहिला होता, त्यातून नुसती खरखर येत होती. आत्या त्यांच्याकडे बघत होती, आणि मी शपथेवर सांगते, त्यांच्या सगळ्या रडण्यापेक्षा तिला हे आवडलं. "हां," ती म्हणाली. "आता बोललास. इतके दिवस नुसती चादर पांघरवत होतास मला. बस आता. जेव."

ते जेवले नाहीत. परातीत तुकडा टाकून खाली काठावर गेले. आणि त्या गोंधळात भिंतीपाशी माझा नवरा उभा राहिला. त्याच्या तोंडातून शब्द निघतो म्हणजे काय, सगळ्यांच्या माना वळल्या. "उद्या सकाळची पहिली बोट," जोंग्गी म्हणाला. आणि लगेच बसला.

होतमाइदा काकूंनी गाणं म्हणायला श्वास घेतला. आत्यानं बोट वर केलं. "आधी गाणं कुठलं ते सांग."

"उठून उभं राहायचं गाणं," काकू चिडून म्हणाल्या. "आणि तुझे कांदे कोण टांगणार चुलीवर? हा घुम्या? सडवून ठेवेल. मी टांगते."

"आणि कुंपण?"

"कुंपण आहे तिथंच राहील."

"म्हण मग," आत्या म्हणाली.

बोटीत ती पुढे बसली, नवा उलोस गुंडाळून. बाबा माझ्या शेजारी, तोंड फुगवून, मांडीवर तिची पिशवी. मामाचा शब्द, मामालाच जावं लागणार. काठ मागे पडला तसं आत्या मोठ्यानं बोलायला लागली, मला वाटलं माझ्याशी. नाही. "बघ," ती म्हणत होती, "मागच्या वेळचे आभार मी परत घेत नाही. दिले ते दिले. पण ह्या वेळी आधी काही मिळणार नाही. तू तुझं काम कर, मी माझं करते. आणि साक्ष वगैरे मागायची नाही." मग जरा वेळानं म्हणाली, "आमेन." बाबापण म्हणाले, आमेन, आणि लगेच बोटीच्या कडेवरून वाकून ओकले.

दर खेपेला ओकतात. दर खेपेला म्हणतात ही शेवटची. आणि दर खेपेला पांढरा सदरा घालून धक्क्यावर आधी हजर. दवाखान्यात तिच्या सलाईनशेजारी बसतात, तिच्या उलटीचं भांडं धरतात. ज्या माणसाला फासळ्या चालत नाहीत तो माणूस! आणि ती त्यांना म्हणते, "सरळ धर. मामा ना तू?"

गाठ? आहे ना. ह्या खेपेलाच तपासली. डॉक्टर म्हणाले तेवढीच आहे. आत्यानं विचारलं, वाढली नाही? नाही. गेली नाही? नाही. तर म्हणते कशी, "माझ्या सासूबरोबर मी असेच दिवस काढले. जमेल."

पण जमत नाही हं प्रत्येक वेळी. ह्या खेपेनंतर कितीतरी दिवस ती चटईवरून उठलीच नाही. केस परत गेले, तोंड आतून सोललेलं, पाण्याचा घोटसुद्धा भाजतो. मी पेज थंड करून नेली. चमचा तिला धरता येईना, पाहुण्याला तर नाहीच, उजवापण कापत होता. मी चमचा भरला आणि हात थांबला माझा. भरवू कशी? ह्या बाईला?

तिनंच तोंड उघडलं. मग मिटलं. माझ्याकडे बघितलं.

"रडतेस?"

"नाही."

"रडायचं नाही. रडत भरवलं की ती भरवणीच होते. त्या दिवशी नाकारलेली सगळी परात फुकट जाईल माझी." श्वास घ्यायला थांबली. "शिवी दे आणि भरव."

मी काय देणार शिवी? सासू, वर आत्या. "दे ना!" ती ओरडली, म्हणजे ओरडायला गेली, आवाजच नव्हता. मग मी दिली. हळू दिली. ती म्हणाली, "ही काय शिवी? तुझ्या बापाला बरी येते." मग मी मोठी दिली. कजाग म्हटलं, म्हातारी खोड म्हटलं, लग्नापासून साठवलेलं सगळं म्हटलं, आणि प्रत्येकाबरोबर एक चमचा. ती गिळत होती, डोळे मिटून, कळ आली की माझं मनगट दाबत होती. वाटी संपली.

आणि परवापासून वाफ्यात आहे. बसून, पण आहे. तो आवाज ऐकलात? तिचाच. जुड्या किती झाल्या विचारतेय.

ए, तू काय करतेस? अगं कांद्यानं नाही, मला कळत नाही का? पूस, आधी डोळे पूस. ती येतेय.